खिडकीकडचे, दाराकडचे

दुपारचे चार वाजत आले होते आणि चिंधी सकाळपासून गप्प होती. घरच्यांना हे इतकं अजब वाटत होतं की तिच्या दादाने येऊन तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप तर नाही ना. दाढ दुखत असताना बोलणारी, झोपेत बोलणारी, तोंडात टाचण्या धरूनही बोलणारी बाई ती. चिंधी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती बाहुल्यांच्या कापडांच्या ढिगात जाऊन झोपायची, जेवायच्या वेळी तिला चिंध्यांतून उपसून काढावं लागायचं, म्हणून आप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, ते नाव ठेवलं. पुढे तिच्या केसांत पांढरं दिसू लागलं तरी ते सुटलं नाही.

आजच्या गप्प बसण्याला कारण होतं. ती सराव करत होती.

आप्पांच्या बाहुल्यांच्या खेळात कुणी बोलत नसे. माणूसभर उंचीचा राखाडी पडदा, त्याच्यामागे उभं राहून डोक्याच्या वर धरायच्या काठीच्या बाहुल्या, एका हाताला एक, आणि अंगठ्याने तिचा लाकडी हात हलवायचा. बाहुल्या फक्त चार. त्यांना नाक नाही, डोळे नाहीत, तोंड नाही. नुसता रंग. लाल ती नवरी. हिरवा तो तरुण, डोक्यावर टोपीही हिरवीच. काळा तो चोर. आणि पांढरी ते मरण. नवरी आणि तरुण भेटतात, तरुणाचा डोळा लागतो, तेवढ्यात चोर मागून येऊन नवरीला पळवतो, तरुण तिला सोडवतो, त्या झटापटीत मरण त्याला न्यायला येतं आणि नवरी मरणाला हात जोडून परत पाठवते. झालं. "चेहरा कोरला की बाहुली एका गावची होते," आप्पा म्हणायचे. "रंग दिला की सगळ्या जगाची." हे वाक्य त्यांनी इतक्या लोकांना ऐकवलं होतं की चिंधीला ते त्यांच्या आवाजासकट पाठ होतं.

पण यंदा आप्पांचे खांदे गेले. हात छातीच्या वर जाईनात. त्याच सुमारास संग्रहालयातल्या एक बाई घरी आल्या. बाई चांगल्या होत्या, हे चिंधीलाही कबूल करावं लागलं. त्यांनी एकेक बाहुली तान्ह्या बाळासारखी मानेखाली हात घालून उचलली. काचेचं कपाट देऊ म्हणाल्या, आत दिवा, खाली आप्पांचं नाव. आप्पांना ते पटायला लागलं. पण चिंधीला ती बाहुल्यांची पेटी स्वतःकडे हवी होती. घरातलं दुसरं काहीही कुणी मागितलं असतं तर तिने काढून दिलं असतं, पण काचेमागे उभी असलेली लाल नवरी तिच्याने बघवली नसती.

"तुला हवीय?" आप्पा म्हणाले. "अगं, हा मुक्याचा खेळ आहे."

"मी राहीन गप्प."

"तू?" हे दादाने विचारलं, आणि मग बहिणीचं तोंड बघून तो चहा बघायला आत निघून गेला.

आप्पांनी खांदा चोळला. मग म्हणाले, "एक खेळ कर. मी समोर बसेन, बाईही बसतील. दिवे लागल्यापासून विझेपर्यंत हॉलला ऐकू जाईल असा एक शब्दसुद्धा आपल्या घरच्या कुणाच्या तोंडून निघाला नाही, तर पेटी तुझी. निघाला, तर बाहुल्या बाईंच्या."

आणि तो खेळ आज होता.

हॉल बंदराजवळच्या कामगार वसाहतीतला. लाकडी खुर्च्या, उंच खिडक्या, भिंतीला ओल. खुर्च्यांच्या मधोमध एक वाट सोडलेली. हॉल सांभाळणारी बाई, तिला सगळे चावीवाली म्हणत, कमरेचा जुडगा खुळखुळवत पडद्यामागे आली तेव्हा लोक आत येऊन बसत होते, आणि चिंधीच्या लक्षात आलं की ते विभागून बसतायत. काही खिडकीकडे, काही दाराकडे. मधली वाट कुणी ओलांडत नव्हतं.

"दोन किनाऱ्यांची माणसं आहेत ताई," चावीवाली म्हणाली. "एका किनाऱ्याचे खिडकीकडे, दुसऱ्याचे दाराकडे. भांडण नाही हो काही. धक्क्यावर एकत्र ओझी उचलतात, कामापुरतं बोलतातही. पण बसायचं म्हटलं की आपापल्याकडे. मी माहेरची खिडकीकडची, सासर दाराकडचं. म्हणून मी उभीच असते."

"मग तर बिनशब्दांचा खेळ इथे बरोबर जमेल," दादा म्हणाला. "रंग काय, सगळ्यांना कळतात."

पडद्याला डोळ्यांच्या उंचीवर एक भोक होतं. चिंधीने त्यातून पाहिलं. पहिल्या रांगेत, बरोबर मधल्या वाटेच्या तोंडाशी, आप्पा हात मांडीवर ठेवून ताठ बसले होते. जन्मभर ते पडद्याच्या या बाजूला उभे राहिले, स्वतःचा खेळ त्यांनी समोरून कधी पाहिलाच नव्हता. शेजारी संग्रहालयाच्या बाई. भीती होतीच, पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा हुरूप जास्त होता. तिचे हात कधीचे वर जायला शिवशिवत होते.

दिवे लागले. दादाने पायाखालच्या फळीवर ठेका धरला, आणि चिंधीने उजवा हात उंच करून लाल नवरीला पडद्यावर आणलं.

या जागी लोक सुखावतात. कुठेही जा, सुखावतातच. चिंधीने भोकाला डोळा लावला. खिडकीकडचे खरंच सुखावले होते, एक म्हातारी तर ठेक्यावर मान डोलावत होती. पण दाराकडे भलतंच चाललं होतं. तिथल्या पुरुषांनी डोक्यावरच्या टोप्या काढून मांडीवर घेतल्या होत्या. एका बाईने रुमालाने डोळे टिपले आणि शेजारणीने तिचा हात हातात घेतला.

"काय झालं त्यांना?" चिंधी कुजबुजली.

"लाल आहे ना," चावीवाली तिच्या कानाशी आली. "आमच्या सासरी घरातलं माणूस गेलं की बायका लाल घालतात. हिचं कोण गेलं, असं झालंय त्यांना."

"कुणी नाही गेलं. लग्न आहे तिचं."

"हो का? त्यांना सांगायला हवं मग."

सांगायला तर नव्हतंच. चिंधीने ओठ घट्ट मिटले आणि दादाला डोळ्यांनी खूण केली. दादाने हिरव्या तरुणाला उडी मारत आणलं, चांगला ऐटीत, टोपी तिरकी करून. आणि खिडकीकडे हशा पिकला. साधा हशा नव्हे. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती, मघाची म्हातारी तोंडावर हात दाबून खुर्चीत खाली खाली सरकत होती.

"आता यांना काय झालं?"

चावीवालीलाही हसू आवरत नव्हतं. "हिरवी टोपी हो. आमच्या माहेरी, ज्याची बायको दुसऱ्याबरोबर जाते त्याने हिरवी टोपी घातली असं म्हणतात."

"अहो, अजून त्यांचं लग्नसुद्धा लागलेलं नाही."

"म्हणून तर जास्त हसतायत."

समोर आप्पांची मान फिरली. त्यांनी आधी खिडकीकडे पाहिलं, मग दाराकडे, मग परत खिडकीकडे. अर्धा हॉल सुतकात, अर्धा हॉल हसून लोटपोट, आणि वर पडद्यावर दोन जीव बिचारे प्रेमात पडतायत. आप्पांच्या कपाळावरची शीर चिंधीला भोकातून दिसत होती.

कसाबसा तो प्रवेश संपला. तरुणाला झोप लागते, तेव्हा त्याला पडद्याच्या वरच्या दांडीतल्या खाचेत आडवा ठेवायचा असतो. दादाने तो ठेवला आणि दुसऱ्या हाताने काळा चोर आणला, मांजराच्या पावलांनी, कमरेत वाकवून, आप्पांनी शिकवला होता तस्सा. या जागी लोक चुकचुकतात, पोरं ओरडतात. इथे कुणी ओरडलं नाही. खिडकीकडचे कुतूहलाने बघत होते. दाराकडे मात्र सगळ्यांचे चेहरे उतरले.

"काळा म्हणजे घरातला सगळ्यात मोठा माणूस," चावीवाली म्हणाली, आणि आता तीही हसत नव्हती. "ज्याच्या शब्दाबाहेर कुणी नाही असा. त्याला असं चोरासारखं वाकून चालवलंत ताई. त्यांना वाटतंय तुम्ही टिंगल करताय."

दाराकडच्या तिसऱ्या रांगेतला एक धिप्पाड माणूस उठला. त्याने एका मुलीला कडेवर घेतलं, दुसरीचा हात धरला आणि तो निघाला. त्याच्यामागची बाई पिशवी गोळा करायला लागली.

"संपलं," दादा कुजबुजला. काळा चोर त्याच्या हातात जागीच थबकला होता. "चिंधे, बाहेर जा आणि सांगून टाक. दोन वाक्यं. लाल ती नवरी, काळा तो चोर. कामापुरती भाषा सगळ्यांना येते."

"शब्द निघाला तर पेटी गेली."

"आणि हॉल रिकामा झाला तर? रिकाम्या खुर्च्यांपुढे मुकी राहून काय मिळवणार आहेस?"

त्याचं बरोबर होतं, आणि म्हणूनच चिंधीला त्याचा राग आला. त्याचा, आप्पांचा, त्या सगळ्या जगाच्या रंगांचा. जीभ अगदी दातांपर्यंत आली होती. तिला बोलायला इतकं येत होतं! पडद्याबाहेर जाऊन ती त्या हॉलला क्षणात खिशात घालू शकली असती, समजावलं असतं, हसवलं असतं, त्या धिप्पाड माणसाला नावं ठेवत ठेवत परत बसवलं असतं. आणि संध्याकाळी बाई बाहुल्यांना कापसात गुंडाळून घेऊन गेल्या असत्या.

तिच्या डाव्या हातात पांढरी अजून खालीच होती. तिची पाळी शेवटी यायची.

"ही?" चिंधीने चावीवालीपुढे पांढरी नाचवली. "ही कोण? लवकर."

"माहेरी मरण."

"आणि सासरी?"

"सासरी सुईण. बाळाला पहिलं गुंडाळायचं कापड पांढरं असतं ना, म्हणून."

चिंधीने पांढरीकडे पाहिलं. त्या गुळगुळीत लाकडाच्या गोट्याकडे तिने जन्मभर पाहिलं होतं आणि ते मरण आहे याबद्दल तिला कधी शंका आली नव्हती. आता ती समोर होती आणि कोण आहे ते कळत नव्हतं. हॉलमध्ये काय बिघडलंय ते तिला कळलं, आणि त्याच दमात हेही कळलं की काहीच बिघडलेलं नाही. आप्पांच्या खेळात बाहुली वर आली की ती कोण आणि आता काय करणार ते सगळ्यांना आधीच ठाऊक असायचं. इथे कुणालाच ठाऊक नव्हतं. अशा हॉलपुढे बाहुल्या नाचवायला मिळणं म्हणजे केवढी चैन!

"काळ्याला सरळ उभा कर," ती दादाला म्हणाली.

"आणि?"

"आणि माझ्याकडे बघ."

तिने पांढरीला वर काढलं.

"अगं, तिची पाळी नाही अजून."

"आता आहे."

हॉल एकदम थिजला. खिडकीकडची मान डोलावणारी म्हातारी छातीवर हात ठेवून मागे सरली. दाराकडे बायकांचे चेहरे उजळले, एकीने मांडीवरच्या पोराला नीट दिसावं म्हणून उंच धरलं. तो धिप्पाड माणूस दाराशी पोचला होता. कडेवरची मुलगी मागे वळून बघत होती, म्हणून तोही वळला.

चिंधीने घाई केली नाही. पांढरीला तिने जागेवर उभी ठेवली, मग एक पाऊल झोपलेल्या तरुणाकडे नेलं, मग थांबवली. खिडकीकडच्यांचा श्वास अडकला. दाराकडच्यांनी हसून माना हलवल्या. आणि मग जे व्हायला हवं होतं ते झालं: दोन्ही बाजूंना एकमेकांचे चेहरे दिसले.

खिडकीकडची एक तरुण मुलगी वाटेपलीकडच्या बाईला म्हणाली, "हसताय काय? ती न्यायला आलीय त्याला."

"न्यायला कशाला येईल? सुईण आहे ती."

"पांढरी?"

"मग सुईण काय काळी असते?"

वाटेच्या दोन्ही कडांवर कुजबूज सुरू झाली आणि मागे मागे पसरत गेली. खुर्च्या करकरल्या. धिप्पाड माणूस दाराजवळच्या भिंतीला टेकून उभा राहिला. चिंधीला पडद्यामागे नाचावंसं वाटत होतं, पण दोन्ही हात वर अडकलेले. तिने पांढरीला तरुणावर वाकवलं, अंगठ्याने तिचा लाकडी हात पुढे केला आणि हिरवी टोपी उचलायला गेली. टोपी निसटली. खिडकीकडून "अरेरे" ऐकू आलं. आता त्यांना ती टोपी निघायला हवी होती! दुसऱ्यांदा हात टोपीच्या कडेत अडकला, चिंधीने मनगट वळवलं आणि टोपी सुटून पडद्यामागे पडली.

खिडकीकडचे अक्षरशः उठून उभे राहिले. टाळ्या, शिट्ट्या. एक म्हातारा शेजारच्याला मिठी मारत होता, गड्याची अब्रू वाचली म्हणून. दाराकडचे बघतच राहिले, एवढं काय झालं टोपी पडली तर? मग वाटेच्या अलीकडून पलीकडे टोपीचा अर्थ गेला, रांगेमागून रांगेत पोचत गेला, आणि जिथे जिथे पोचला तिथे हशा उसळत गेला. भिंतीला टेकलेल्या धिप्पाड माणसापर्यंत तो सगळ्यात शेवटी पोचला आणि तो सगळ्यात मोठ्याने हसला.

"चिंधे," दादा धापा टाकत म्हणाला, "पुढे काय?"

"मला काय माहीत?"

हे ती कुजबुजली खरी, पण आनंदाने. दादाने तिच्याकडे पाहिलं आणि त्याच्याही तोंडावर लहानपणचं, आंबट कैरी खाल्ल्यासारखं हसू आलं. जन्मभर दोघांनी हा खेळ झोपेतही करता येईल इतका पाहिला होता. आज पहिल्यांदा दोघं जागी होती.

तिने पांढरीच्या अंगावरचं सैल कापड सोडलं आणि तेच लाल नवरीच्या खांद्यावर टाकलं. दाराकडे सुटकेचा उसासा उमटला, बाळाचं कापड अंगावर आलं, सुतक फिटलं. खिडकीकडे हलकल्लोळ. नवरीवर मरणाची छाया पडली होती! "काढा ते," कुणीतरी ओरडलं. आणि यावेळी दाराकडच्या बायका स्वतःहून उठल्या, वाट ओलांडून खिडकीकडच्या खुर्च्यांच्या मधे जाऊन बसल्या आणि मोडक्यातोडक्या भाषेत, हातवारे करकरून समजावायला लागल्या. खिडकीकडच्या ऐकत होत्या, मान हलवत होत्या, वाद घालत होत्या. आप्पा खुर्चीच्या अगदी टोकावर आले होते. बाईंच्या मांडीवरची पर्स खाली पडली होती आणि ती उचलायचं त्यांना सुचलं नव्हतं.

मग चिंधीने नवरीला पडद्याच्या टोकाशी नेलं, जिथे पडदा संपतो आणि पुढे काही नाही. तिथे तिला पाठमोरी उभी केली, लाल अंगावर पांढरं कापड. पांढरी बाजूला झाली. दादाने पायाचा ठेका थांबवला. हॉलमधली कुजबूज आपोआप विझली.

काळा हलला.

तो वाकून नाही आला, सरळ चालत आला, नवरीच्या मागून. वडीलधारा म्हणावा तर पाऊल इतकं सावकाश का? चोर म्हणावा तर चालीत चोरी नाही. चिंधी दादाच्या हाताकडे बघत होती आणि दादा तिच्या. काळा नवरीच्या पाठीशी येऊन थांबला. त्याचा लाकडी हात वर उठायला लागला. खिडकीकडे कुणी हललं नाही, दाराकडे कुणी हललं नाही. हात आणखी वर गेला, नवरीच्या मानेच्या वर, आणि नवरीला काही म्हणजे काही पत्ता नव्हता.

"पोरी, मागे बघ!"

आवाज हॉलच्या छताला जाऊन भिडला. शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना ऐकू गेला. चिंधीने भोकातून पाहिलं. आप्पा उभे होते. जे हात छातीच्या वर जात नव्हते ते त्यांनी नवरीच्या दिशेने पसरले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं भय होतं की चिंधीने ते आजवर कधी पाहिलं नव्हतं.

शब्द निघाला होता. घरच्या माणसाच्या तोंडून, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा. एका क्षणात तिला काचेचं कपाट दिसलं, आतला दिवा दिसला. पण डोक्यावर नवरी होती, तिच्या पाठीशी तो उचललेला हात होता, आणि सगळा हॉल वाट बघत होता. त्या दोघांना तसं टांगून ठेवणं चिंधीच्याने झालं नसतं, पेटी राहो की जावो.

नवरीने मागे पाहिलं.

दादाने काळ्याचा हात तसाच वर धरून ठेवला. नवरी त्या हाताकडे बघत राहिली. मग तिने आपला छोटा लाल हात उचलला आणि त्या काळ्या हातावर ठेवला. हात हळूहळू खाली आला, तिच्या हातासकट. तेवढ्यात दादाने दुसऱ्या हाताने तरुणाला खाचेतून उचललं, तो उघड्या डोक्याने धडपडत आला आणि चौघं पडद्याच्या मधोमध जवळ जवळ उभी राहिली. कोण कोणाचं कोण, ते चिंधीने कुणालाही सांगितलं नाही.

दिवे विझले.

टाळ्या किती वेळ चालल्या ते पडद्यामागे कळलं नाही, कारण टाळ्या संपण्याआधीच हॉलमध्ये वाद पेटला होता. काळा तिचा आजा होता. छे, सासरा. चोरच होता, पण तिने हात धरला म्हणून वरमला. माणसं वाटेत उभी राहून एकमेकांना बाहुल्यांच्या चाली करून दाखवत होती. खुर्च्या अशा काही सरकल्या होत्या की वाट राहिलीच नव्हती.

आप्पा पडद्यामागे आले. त्यांच्यामागे बाई, पर्स छातीशी धरून. चिंधी हात खाली लोंबकळत ठेवून उभी होती, खांदे भरून आले होते. एरवी तिने आतापर्यंत दहा गोष्टी सांगितल्या असत्या.

आप्पांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. ते दादाकडे गेले.

"तो काळा काय करणार होता?"

"मला नव्हतं माहीत, आप्पा. मी हिच्याकडे बघत होतो."

ते चिंधीकडे वळले. "आणि तुला?"

"मलापण नव्हतं माहीत."

आप्पांनी काळ्याला दादाच्या हातातून घेतलं आणि त्याच्या बिनचेहऱ्याच्या डोक्यावरून अंगठा फिरवला. "हे लाकूड मी तासलंय," ते म्हणाले. "हा चोर आहे हे मी ठरवलं. जन्मभर हा हात मीच वर केला, मला ठाऊक होतं तो कुठे पडणार. आणि आज समोर बसलो होतो तर मला वाटलं, मारतोय की काय तो तिला." त्यांनी काळ्याला जरा लांब धरून पाहिलं. "मी घाबरलो गं. आपल्याच बाहुलीला घाबरलो. इतकं बरं वाटलं."

चिंधीला रडू फुटलं. आप्पांना रडणारी माणसं आवडत नसत, पण आज त्यांचेच डोळे वाहत होते, तेव्हा त्यांना बोलायला तोंड नव्हतं.

बाई हळूच म्हणाल्या, "अटीचं काय करायचं मग? शब्द तर निघाला."

"निघाला ना," आप्पा म्हणाले. "आपल्या घरच्याच माणसाच्या तोंडून निघाला, सगळ्यांनी ऐकला. अट ती अट. तुम्ही कपाट तयार ठेवलंय ना, बाई?"

"ठेवलंय."

"दिवा आहे आत?"

"आहे."

"मग मला बसवा त्यात. खाली नाव लिहा. बाहुल्या काही बोलल्या नाहीत, त्या कशाला भोगतील?"

बाईंना हसू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. पेटी उघडी पडली होती. आप्पांनी काळ्याला तिच्यात ठेवलं, मग बाकीच्या तिघांना, आणि झाकण लावून पेटी पायाने चिंधीकडे सरकवली, कारण उचलायची त्यांच्यात ताकद नव्हती. चिंधी खाली बसली आणि तिने पेटीच्या झाकणावर दोन्ही हात पसरले.

चावीवाली आत डोकावली. "लोक विचारतायत, उद्या आहे का? हॉल रिकामा आहे उद्या."

सगळ्यांनी चिंधीकडे पाहिलं, आप्पांनीसुद्धा. आता तिलाच विचारायचं होतं.

"आहे," चिंधी म्हणाली.

"उद्या काय होणार मग?" आप्पांनी विचारलं. "काळ्याचं?"

"ते उद्या."

आप्पांनी मान हलवली, दोनदा तीनदा, स्वतःशीच. मग म्हणाले, "मधे बसून नीट कळलं नाही मला. उद्या मी खिडकीकडे बसू की दाराकडे?"

आणि उत्तराची वाट न बघता ते बाहेर गेले. भांडणाऱ्या, हसणाऱ्या माणसांतून वाट काढत त्यांनी खिडकीकडची एक खुर्ची गाठली, मघाच्या म्हातारीच्या शेजारची, आणि तिला विचारलं की ती टोपी इतकी हसण्यासारखी का होती, ते जरा पहिल्यापासून सांगता का.